जुन्या फ्रंटियर छावण्यांवरची मिलिटरी बटणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायो, इंडियाना, मिशिगन, नेब्रास्का या भागात राहणारे बरेच मराठी लोक आता वीकेंडला मेटल डिटेक्टर घेऊन फिरायला लागलेत आणि तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सोप्यापासून सुरुवात आहे, किचकट गोष्टी शेवटी. एक विनंती आहे, प्रश्न ५ ते ८ वाचल्याशिवाय डिटेक्टर गाडीत टाकू नका. आणि मी वकील नाही, शंका असेल तिथं वकिलाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व ऑफिसला विचाराच.

१. मुळात शोधतात काय, आणि बटणंच का? नाणी का नाहीत?

नाणीही सापडतात, पण फ्रंटियरवरच्या शिपायाकडे पैसा फारसा नसायचाच, पगार महिनोन्‌महिने थकलेला असायचा. बटणं मात्र प्रत्येकाच्या अंगावर भरपूर. कोटावर पुढं, बाहीवर, वेस्टवर, आणि साध्या शिपायाची बटणं बरीच वर्षं प्यूटरची, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची असायची, हा धातू मऊ, झाडं तोडताना, ओंडके ओढताना, झोपेत कूस बदलताना सुद्धा मागची कडी तुटायची आणि बटण गवतात जायचं ते गेलंच.

आणि बटणाइतकं बोलकं दुसरं काही नाही. बंदुकीची गोळी कोणाचीही असू शकते, शिकाऱ्याची, व्यापाऱ्याची, शेतकऱ्याची. बटणावर मात्र गरुड असतो, रेजिमेंटचा नंबर असतो, तोफ किंवा बिगूल असतो. म्हणजे कुठली पलटण या जागी थांबली होती ते एवढ्याशा तुकड्यावरून कळतं, अट एकच, ते कुठं सापडलं हे नीट लिहिलेलं पाहिजे (प्रश्न १२).

२. "फ्रंटियर" म्हणजे नक्की कुठला भाग, कुठली वर्षं?

ही सीमा सरकत गेलेली आहे, त्यामुळं तुम्ही कुठं राहता त्यावर उत्तर बदलतं. १७९० च्या दशकात फ्रंटियर म्हणजे आजचा ओहायो आणि इंडियाना. ४ नोव्हेंबर १७९१ ला जनरल सेंट क्लेअरच्या सैन्याचा मायामी, शॉनी, डेलावेअर वगैरे जमातींच्या एकजुटीनं पार धुव्वा उडवला, सहाशेच्या वर सैनिक मेले. त्यानंतर अँथनी वेननं नवीन सैन्य उभारलं, "लीजन ऑफ द युनायटेड स्टेट्स", १७९२ ते १७९६. त्या पराभवाच्याच जागेवर फोर्ट रिकव्हरी बांधला आणि २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. वेनची एक सवय होती, कूच करताना रोज संध्याकाळी तळाभोवती ओंडक्यांची तटबंदी उभी केल्याशिवाय तो सैन्याला झोपू देत नसे, म्हणून त्याच्या मार्गावर एकामागून एक तळ आहेत.

मग १८०४ ते १८०६ लुईस आणि क्लार्कची पश्चिमेचा प्रदेश शोधायची मोहीम, मग ब्रिटनबरोबरचं १८१२ चं युद्ध, मग मिसुरी नदीकाठी फोर्ट ॲटकिन्सन, जो १८२७ मध्ये सोडून दिला. तिथला पहिला हिवाळा, १८१९-२०, स्कर्व्हीनं भयानक गेला आणि वसंतात नदीच्या पुरानं छावणीच वर टेकाडावर हलवावी लागली. १८३३ मध्ये ड्रगून्सची, म्हणजे घोड्यावरच्या सैनिकांची रेजिमेंट आली आणि सीमा प्रेअरीत शिरली. या पानावर साधारण १७९० ते १८५५ एवढंच धरलंय, सिव्हिल वॉर हा वेगळाच मोठा विषय आहे.

३. बटण सापडलं, पण ते मिलिटरीचं आहे की कुठल्या शेतकऱ्याच्या कोटाचं, कसं कळणार?

बहुतेक वेळा शेतकऱ्याचंच निघतं, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे निराशा नको. त्या काळातलं सपाट, गुळगुळीत, नक्षी नसलेलं पितळी बटण शेतात ढिगानं सापडतं आणि त्यातली बरीचशी साध्या माणसांची. त्यातही टॉम्बॅक नावाच्या पांढुरक्या धातूची बटणं फसवतात, चांदीची वाटतात. पण साधं आहे म्हणून मिलिटरीचं नाही असंही नाही, शिपायांना कधी कधी कोरी प्यूटरची बटणंही मिळत.

गरुड, ढाल, तोफ, बिगूल, "यूएस" अशी अक्षरं, अंडाकृती चौकटीत रेजिमेंटचा नंबर, यातलं काही दिसलं तर मिलिटरीचं म्हणायला आधार आहे. पण चिखल चोळून बघायचा मोह आवरा, तिरप्या उजेडात, टॉर्च बाजूनं धरून बघा, उठाव लगेच दिसतो. भिंगासाठी फोनचा कॅमेरा पुरतो.

४. बटणाचं साल कसं काढायचं?

तीन गोष्टी बघायच्या: बनावट कशी, चित्र कुठलं, आणि मागं काय लिहिलंय.

बनावट. सगळ्यात जुनी बटणं एका तुकड्याची, साच्यात ओतलेली प्यूटरची किंवा पितळेच्या पत्र्यावर छाप मारलेली, मागं कडी. दोन तुकड्यांचं बटण, म्हणजे पुढचा पत्रा मागच्या पत्र्यावर काठानं दुमडून बसवलेलं, आतून पोकळ, याचं पेटंट सँडर्सनं बर्मिंगहॅममध्ये १८१३ ला घेतलं, आणि अमेरिकन सैन्यात ते त्यानंतर हळूहळू रुळलं. म्हणून तुमचं पोकळ, फुगीर बटण वेनच्या काळातलं असूच शकत नाही, कितीही वाटलं तरी.

चित्र. लीजनच्या काळातला गरुड बघताक्षणी ओळखू येतो, त्याचे पाय बेडकासारखे फाकलेले आहेत, हौशी लोक त्याला "फ्रॉग लेग" गरुडच म्हणतात. त्यानंतरच्या पायदळाच्या बटणांवर गरुड आणि खाली अंडाकृतीत रेजिमेंटचा नंबर. १८१२ च्या युद्धाच्या आसपास वळणदार लिपीतला "आय" म्हणजे इन्फंट्री, आणि प्यूटरवर ठळक "यूएस". रायफल रेजिमेंट १८०८ ते १८२१ होती, तिच्या काही बटणांवर बिगूल. १८२० नंतर हळूहळू एकच साचा रूढ झाला, पंख पसरलेला गरुड, छातीवर ढाल आणि ढालीत अक्षर: "ए" तोफखाना, "आय" पायदळ, "डी" ड्रगून, आणि १८५५ मध्ये कॅव्हलरी रेजिमेंट्स आल्यावर "सी". १८५० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या शिपायाच्या बटणावरचं अक्षर गेलं, अधिकाऱ्यांचं राहिलं. रंगही बघा, १८५१ पर्यंत पायदळाचा धातू पांढरा आणि तोफखान्याचा पिवळा असा साधारण नियम होता, त्यानंतर सगळेच पिवळे.

बॅकमार्क, म्हणजे मागचं लिखाण. हे सोनं आहे खरं. कनेटिकटच्या वॉटरबरी गावातला स्कोव्हिल कारखाना घ्या, भागीदार बदलले तसं नाव बदलत गेलं. "लेव्हनवर्थ, हेडन अँड स्कोव्हिल" असेल तर १८११ ते १८२७, "जे. एम. एल. अँड डब्ल्यू. एच. स्कोव्हिल" असेल तर १८२७ ते १८४०, "स्कोव्हिल्स अँड कंपनी" १८४० ते १८५०, आणि "स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग" १८५० नंतर. "ट्रेबल गिल्ट", "एक्स्ट्रा रिच" हे फक्त मुलाम्याची जाहिरात आहे, त्यावरून साल काढायला जाऊ नका.

अपवाद दोन. इंजिनिअर्स कोअरचं "एसेयाँ" लिहिलेलं बटण, त्यावर गरुड आणि किल्ला, ते डिझाइन आजही चालू आहे, तिथं चित्रावरून काही कळत नाही, मागची बाजूच बघावी लागते. आणि दुसरं, सालावरून बटण कधी बनलं ते कळतं, कधी हरवलं ते नाही. जुना स्टॉक वर्षानुवर्षं वापरला जायचा.

५. डिटेक्टर कुठं चालवता येतो?

थोडक्यात, खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं. बाकी सगळीकडे आधी "नाही" असं समजून चाला आणि मग विचारा.

नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागेत डिटेक्टर वापरणं तर सोडाच, नुसता जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे. फेडरल आणि आदिवासी जमातींच्या जमिनीवर १९७९ चा आर्किऑलॉजिकल रिसोर्सेस प्रोटेक्शन ॲक्ट, सगळे त्याला आर्पा म्हणतात, लागू होतो. १०० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परमिटशिवाय उकरायची नाही, उचलायची नाही. आपल्या विषयातलं प्रत्येक बटण त्यात बसतं. स्टेट पार्क, काउंटी पार्क, शाळेचं मैदान, यांचे नियम जागोजागी वेगळे, ऑफिसात फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. "तिथं सगळेच करतात" हे उत्तर नाही.

६. समजा चुकून सरकारी जमिनीवर खणलं तर काय होईल? मी एच-वन-बी वर आहे.

आर्पाखाली पहिल्या गुन्ह्याला १० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. वस्तूची किंमत आणि जागा दुरुस्त करायचा खर्च मिळून ५०० डॉलरच्या वर गेला तर २० हजार आणि दोन वर्षं, आणि तो खर्च भराभर वाढतो. पुन्हा सापडलात तर १ लाख आणि पाच वर्षं. शिवाय डिटेक्टर आणि गाडीसुद्धा जप्त होऊ शकते.

आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांसाठी खास सांगतो, त्या फॉर्मवर अटक झाली होती का, शिक्षा झाली होती का हे विचारतात आणि आयुष्यभर विचारत राहतात. एका बटणासाठी हे डोक्यावर घ्यायचं नाही. जमिनीची हद्द काउंटी ऑडिटरच्या ऑनलाइन नकाशावर दिसते, निघायच्या आधी बघा, शेताला लागून स्टेट पार्क असेल तर कुंपणापासून लांबच रहा.

७. शेतकऱ्याची परमिशन मागायची कशी? आपल्याला कोण ओळखतं इथं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मागची भीती मला कळते, अनोळखी गोरं गाव, आपण तपकिरी, हातात विचित्र यंत्र. म्हणून शेतात एकदम उतरू नका. दिवसाउजेडी घराच्या दारावर जा, यंत्र गाडीतच ठेवा, नाव सांगा, कुठं राहता काय करता ते सांगा, आणि इतिहासात रस आहे, या वाटेनं सैन्य गेलं होतं असं वाचलंय हे खरं खरं सांगा. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हा विषय निघाला की बोलायला फार आवडतं, वडिलांनी नांगरताना काय काय काढलं ते स्वतः दाखवतात. "नाही" म्हणाले तर थँक यू म्हणून निघायचं, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

"हो" म्हणाले तर एक साधा कागद करा: नाव, जमीन कुठली, तारीख कुठपर्यंत, सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, दोघांच्या सह्या. तो कागद गाडीत ठेवा. ज्या दिवशी जाणार त्या सकाळी मेसेज करा. शेजाऱ्यानं पोलीस बोलावले तर शांतपणे कागद दाखवायचा. सुरुवातीला कोणातरी स्थानिक जोडीदाराबरोबर गेलात तर अर्धी चिंता मिटते. हरणांच्या शिकारीच्या सीझनमध्ये भगवं जॅकेट घातल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नका, आणि घरी आल्यावर गोचीड तपासा, लाइम हा आजार खरोखर वाईट आहे.

८. परमिशन मिळाली म्हणजे सापडलेलं बटण माझंच ना?

नाही, आपोआप नाही. जमिनीत रुतलेली वस्तू साधारणपणे जमीनमालकाची धरली जाते. "फिर माझ्या शेतात" आणि "जे मिळेल ते घेऊन जा" या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, म्हणून प्रश्न ७ मधल्या कागदावर ते लिहून घ्या. माझी पद्धत अशी की जे सापडलं ते प्रत्येक वेळी मालकाला दाखवायचं, चांगलं बटण त्यांच्याच घरी फ्रेममध्ये लागलं तरी चालेल, नोंद आणि फोटो माझ्याकडे असले की झालं. शेत भाड्यानं कसणारा वेगळा आणि मालक वेगळा असेल तर दोघांनाही विचारा, पीक त्याचं असतं.

९. कॅम्पची जागा शोधायची कशी? सगळे किल्ले तर माहीतच आहेत.

माहीत असलेले किल्ले बहुतेक संरक्षित आहेत, तिकडं जायचंच नाही. मजा आहे ती किल्ल्यांच्या मधल्या वाटेवर, एका रात्रीच्या तळांवर, आणि त्यासाठी डिटेक्टरपेक्षा लायब्ररी जास्त लागते.

अधिकाऱ्यांच्या डायऱ्या छापलेल्या आहेत, त्यात रोजचे मैल लिहिलेले असतात, "आज अमुक ओढा ओलांडून उंचावर तळ" अशा नोंदी. मग जनरल लँड ऑफिसचे जुने सर्व्हे नकाशे, ते फुकट ऑनलाइन आहेत, त्यावर सर्व्हेअरनं चालता चालता दिसलेल्या जुन्या वाटा आखल्यात. यावर आजचा लायडार नकाशा (विमानातून लेझरनं जमिनीचे चढउतार मोजून केलेला) ठेवला की कधी कधी जुन्या रस्त्याची खाच अजून दिसते. तळाला काय लागतं त्याचा विचार करा: पाणी जवळ, पण पूर येणार नाही इतकं उंच, सपाट, सरपण, घोडे-बैलांना चारा. सैन्य कूच करताना बैलगाड्या आणि गुरांचे कळप बरोबर असत, त्यामुळं तळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

जागेवर गेल्यावर एकटं बटण म्हणजे तळ नव्हे. न झाडलेल्या मस्केटच्या गोळ्या, वितळून सांडलेलं शिसं, बंदुकीच्या चकमकीचा दगड, पट्ट्याची बक्कल, मातीच्या चिलमीचे तुकडे, भांड्याचा पत्रा, हे सगळं एकत्र आलं की मग म्हणा. मस्केटची गोळी साधारण १६ मिलिमीटरच्या आसपास असते, रायफलची त्याहून लहान.

१०. डिटेक्टर कुठला घेऊ? सेटिंग काय ठेवू?

ब्रँडवरून लोक फार भांडतात, मला त्यात पडायचं नाही. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं कुठलंही मध्यम मशीन चालेल. कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, लहान घ्या, कारण जुन्या तळावर लोखंडी खिळे फार असतात आणि मोठी कॉइल खिळा आणि बटण एकदमच बघते. हळू चाला. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचे सिग्नल गाळायचं सेटिंग, कमी ठेवा, कारण प्यूटर आणि छोटं पितळी बटण स्क्रीनवर अगदी ॲल्युमिनियमच्या कचऱ्याच्या आकड्यात येतात, "फॉइल असेल" म्हणून सोडलंत तर बटणंच सोडाल. हातात धरायचा पिनपॉइंटर मात्र हवाच, त्याशिवाय खुरप्यानं बटणावरच घाव बसतो.

११. वर्षातला कुठला काळ चांगला?

मका-सोयाबीन काढल्यावर ते जमीन गोठेपर्यंत, आणि वसंतात पेरणीच्या आधी. पावसानंतर ओल असताना सिग्नल चांगला येतो. उभ्या पिकात कधीच नाही, आणि खड्डा बुजवल्याशिवाय पुढं जायचं नाही, त्यात शेतकऱ्याच्या गाईचा पाय मोडू शकतो.

१२. नोंद करायची म्हणजे नक्की काय? फोटो काढला की झालं ना?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. बटण खिशात टाकायच्या आधी, चिखल पुसायच्या आधी: फोनवर जीपीएसचे आकडे, किती खोल, शेजारी काय काय होतं, तारीख, आणि खड्ड्यात असतानाचा फोटो. मग झिपच्या पिशवीत घालून पिशवीवर नंबर, तोच नंबर वहीत. फोनचं जीपीएस काही मीटर इकडंतिकडं दाखवतं, म्हणून कुंपणाचा कोपरा किंवा मोठं झाड धरून टेपनं किंवा पावलांनी मोजलेलं अंतरही लिहा. शेताच्या ज्या पट्ट्यात काही सापडलं नाही त्याचीही नोंद करा, तिथं काही नव्हतं हीसुद्धा माहिती आहे. खिळे आणि शिशाचे थेंबसुद्धा लिहा, लोक ते फेकून देतात आणि तळाचा अर्धा नकाशा त्यांच्याबरोबर जातो.

यानं काय होतं ते सांगतो. फॉलन टिंबर्सची लढाई मॉमी नदीच्या काठच्या सखल भागात झाली असं जवळजवळ दोनशे वर्षं धरलेलं होतं, स्मारकही तसंच उभारलेलं. १९९५ मध्ये हायडलबर्ग कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ मायकेल प्रॅट यांनी स्वयंसेवक आणि मेटल डिटेक्टर घेऊन नदीपासून लांबच्या शेतात पद्धतशीर शोध घेतला, प्रत्येक गोळी आणि बटण नकाशावर मांडलं आणि लढाईची खरी जागा तिथं निघाली. १९९९ मध्ये ती जागा नॅशनल हिस्टॉरिक साइट झाली. तीच बटणं हौशी लोकांनी आधीच खिशात घालून नेली असती तर तिथं आज काय उभं असतं कोणाला माहीत.

दुसरं उदाहरण मोंटानातलं, लोलो गावाजवळचं ट्रॅव्हलर्स रेस्ट. लुईस आणि क्लार्क तिथं १८०५ मध्ये आणि परतताना १८०६ मध्ये थांबले. पुरातत्त्वज्ञांना तिथल्या एका जुन्या संडासाच्या खड्ड्याच्या मातीत पारा सापडला, कारण मोहिमेतल्या लोकांना पारा असलेली जुलाबाची औषधं देत असत. घाईनं बटण उपसणाऱ्यानं ती मातीच पालथी घातली असती.

१३. पण शेत तर दीडशे वर्षं नांगरलंय, सगळं आधीच विस्कटलेलं आहे, मग एवढी नोंद कशाला?

हा युक्तिवाद मीही खूप ऐकतो आणि तो अर्धाच खरा आहे. नांगर वरची २०-२५ सेंटीमीटर माती उलटीपालटी करतो, म्हणजे खाली-वरचा क्रम जातो हे बरोबर. पण आडव्या दिशेनं वस्तू बहुतेक मूळ जागेच्या आसपासच राहते, त्यामुळं बटणं एका पट्ट्यात, गोळ्या दुसऱ्या पट्ट्यात, शिसं चुलींजवळ, ही मांडणी अजून वाचता येते. फॉलन टिंबर्सचं शेतही नांगरलेलंच होतं. मात्र सिग्नल नांगरटीच्या थराच्या खाली येत असेल, माती एकदम काळी किंवा जळकी लागली असेल, तर थांबा, बुजवा, राज्याच्या पुरातत्त्व ऑफिसला कळवा. तो अस्पर्श थर आहे, आपलं काम नाही.

१४. बटण स्वच्छ कसं करू? चिंच चालेल का, पितांबरी?

नाही, नाही आणि नाही. देवघरातली भांडी लखलखीत करायची ही आपली सवय इथं घात करते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पावडर, टूथपेस्ट, सगळं त्या मुलाम्याला खाऊन टाकतं. १८०० च्या आसपासचा सोन्याचा मुलामा पाऱ्यात सोनं विरघळवून धातूवर लावून तापवून केलेला असतो, तो इतका पातळ असतो की अंगठ्यानं चिखल चोळला तरी जातो.

पितळेला: डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत रहा, लाकडी टूथपिक आणि मऊ ब्रश, तेही भिंगाखाली. गुळगुळीत हिरवा थर राहू द्या, तो संरक्षण करतो. कडीत दोऱ्याचा किंवा चामड्याचा अंश दिसला तर काहीही करू नका, तो बटणापेक्षा दुर्मिळ आहे. प्यूटरला भिजवूही नका, नुसतं सावलीत हळू वाळवा आणि कोरडा ब्रश फिरवा, कारण त्याचा पापुद्रा आतून सुटलेला असतो आणि रेजिमेंटचा नंबर त्या पापुद्र्यावरच असतो. शिशाच्या वस्तू हाताळल्यावर हात साबणानं धुवा, मुलांच्या हातात देऊ नका.

१५. ठेवायचं कशात?

लाकडी कपाटात नको, विशेषतः ओकच्या ड्रॉवरमध्ये अजिबात नको. ओकमधून आम्लाची वाफ येत राहते आणि प्यूटर, शिसं पांढरी भुकटी होऊन जातात. पीव्हीसीची मऊ पाकिटंही नकोत. ॲसिड-फ्री कार्डबोर्डची डबी, सिलिका जेलची पुडी, आणि वहीतला नंबर डबीवर, बस.

१६. माझ्या बटणावर गरुड नाही, नुसता आकडा आहे. हे काय?

ब्रिटिश असण्याची शक्यता बरीच. ब्रिटिश पायदळानं १७६७ च्या आदेशानंतर बटणांवर रेजिमेंटचा नंबर टाकायला सुरुवात केली, म्हणून "८" म्हणजे किंग्ज रेजिमेंट, जी अमेरिकन क्रांतीच्या काळात नायगरा, डेट्रॉइट भागात होती. "आरपी" अक्षरं असतील तर रॉयल प्रोव्हिन्शियल्स, म्हणजे ब्रिटनच्या बाजूनं लढलेले स्थानिक. फक्त "यूएसए" ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतील तर ते क्रांतियुद्धातलं काँटिनेंटल आर्मीचं, आणि ते फ्रंटियरच्या तळावर सापडलं तर जुना कोट घालून आलेला कोणी असू शकतो (प्रश्न ४ मधला दुसरा अपवाद).

१७. शॉनी किंवा मायामी गावाच्या जागी मिलिटरी बटण सापडलं, म्हणजे तिथं सैन्य होतं?

तेवढ्यावरून म्हणता येत नाही. लष्करी कोट भेट म्हणून जमातींच्या प्रमुखांना दिले जात, बटणं व्यापारात फिरत, दागिन्यात ओवली जात, लढाईनंतर उचलली जात. बटणाला दुसरं भोक पाडलेलं असेल किंवा कडी मुद्दाम कापलेली असेल तर ते कोणीतरी पुन्हा वापरलंय.

आणि खरं सांगायचं तर गावाची जागा आहे असं कळल्यावर मी डिटेक्टर चालवतच नाही, मालकाची परवानगी असली तरीही. ज्यांची ती गावं होती त्यांना १७९५ च्या ग्रीनव्हिल तहानंतर आणि पुढच्या तहांनंतर तिथून हुसकावलं गेलं, त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात, इंडियानात आहेत, आणि ती जमीन त्यांच्या पूर्वजांची आहे.

१८. खणताना हाडं लागली तर?

हात काढा, काही उचलू नका, फोटो सोशल मीडियावर टाकू नका, मालकाला आणि पोलिसांना फोन करा. माणसाची की जनावराची ते आपण ठरवायचं नाही. एका छोट्या जागेत ओळीनं बटणं लागायला लागली, एकाखाली एक, तर ती कबर असू शकते, हाडं दिसायच्या आधीच थांबा. शिपायाची असो की मूळ रहिवाशाची, कबर उकरणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी केलं नसतं.

१९. ऑनलाइन विकत घेतलेलं बटण खरं की नकली, कसं ओळखायचं?

ओतून केलेल्या नकला मूळ बटणापेक्षा किंचित लहान येतात, कारण धातू गार होताना आकसतो, आणि पिसांच्या रेषा बोथट दिसतात. काठावर साच्याची रेघ, एकसारखा रंगवल्यासारखा हिरवेपणा, मागं अगदी कोरं, यातलं काहीही दिसलं तर सोडा. जुन्या लढायांचे खेळ करणारे लोकही शेतात नवीन बटणं हरवतात, ती फसवण्यासाठी केलेली नसतात पण सापडणाऱ्याला फसवतात. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, कुठं सापडलं आणि कोणाच्या परवानगीनं. राज्याचा कायदा मोडून काढलेली वस्तू राज्याबाहेर विकणं-घेणं हाही आर्पाखाली गुन्हा आहे.

२०. हेच महाराष्ट्रात करता येईल का? खडकी, असई, जुने कंपनी सरकारचे तळ?

करू नका. कळतं, मोह होतो, २३ सप्टेंबर १८०३ ला असईला वेलस्लीबरोबर ७४ आणि ७८ नंबरच्या स्कॉटिश रेजिमेंट्स होत्या, म्हणजे ओहायोत वेनची बटणं पडून दहाएक वर्षंच झाली होती तेव्हा. पण भारतात कायदा वेगळा आहे. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, ती "माझ्या शेतात सापडली" म्हणून ठेवता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लायसन्सशिवाय खणणं १९५८ च्या केंद्रीय कायद्यानं बंद आहे, आणि राज्याचा १९६० चा वेगळा कायदा आहेच. गावी कोणाला नांगरताना काही सापडलं तर तहसीलदार किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवायला सांगा.

२१. आजोबांच्या ट्रंकेत जुनी पलटणीची बटणं आहेत. अमेरिकेत घेऊन येऊ का?

आधी वय बघा. १९७२ च्या ॲंटिक्विटीज कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातली बटणं त्यात येत नाहीत, पण १८८० ची येऊ शकतात. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून "ही पुरावस्तू नाही" असं सर्टिफिकेट काढून घ्या, एअरपोर्टवर वाद घालण्यापेक्षा ते बरं. आणि नाहीच आणता आली तर घरच्यांकडे नीट डबीत ठेवा (प्रश्न १५), आजोबांची पलटण, गाव, साल एका चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत टाका.

२२. डिटेक्टर घ्यायच्या आधी खरी बटणं कुठं बघायला मिळतील?

ओहायोत फोर्ट रिकव्हरीचं म्युझियम, पेरिसबर्गचा फोर्ट मेग्ज, आणि मॉमीत फॉलन टिंबर्सची जागा. नेब्रास्कात फोर्ट ॲटकिन्सन स्टेट हिस्टॉरिकल पार्क. तिथं स्टाफला विचारा, पुरातत्त्वज्ञांबरोबर स्वयंसेवक म्हणून डिटेक्टर चालवायचे प्रकल्प अधूनमधून निघतात, आणि सरकारी जमिनीवर कायदेशीरपणे बटण शोधायचा तोच मार्ग आहे.